रजिस्टर नंबर १९१४ सांभाळणाऱ्यांस

छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल, सातारा येथील दप्तरात आजवर काम केलेल्या सर्व लिपिकांस,

सप्रेम नमस्कार.

७ नोव्हेंबर १९०० रोजी तुमच्यापैकी कुणीतरी शाळेच्या जनरल रजिस्टरात इंग्रजी पहिलीच्या एका मुलाचे नाव घातले: भिवा रामजी आंबेडकर. नोंद क्रमांक १९१४. समोर त्या मुलाची सही. तेव्हा मराठी चार इयत्ता झाल्या की इंग्रजी पहिली ते सातवी, म्हणजे मॅट्रिक, असा क्रम होता. म्हणून ही इंग्रजी पहिली आजच्या पाचवीच्या जागी धरायची. मुलगा नऊ वर्षांचा होता. १९०४ मध्ये कुटुंब मुंबईला गेले आणि त्याची साताऱ्याची शाळा सुटली. महाराष्ट्रात २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, तो या एका ओळीवरून.

प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला धाडले, १८४८ मध्ये सातारा संस्थानच खालसा केले आणि पुढे त्यांच्याच जुन्या राजवाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागले. आज ही शाळा जिल्हा परिषदेची आहे आणि तिला नाव त्याच महाराजांचे आहे. वाड्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्हाला आभार मानायचे आहेत ते त्या वाड्यातल्या कागदांसाठी.

शाळेत वेगळे, कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे, असे बाबासाहेबांनी लहानपणाबद्दल लिहून ठेवले आहे. रजिस्टरात मात्र कोपरा नसतो. १९१४ हा आकडा १९१३ च्या खाली आणि १९१५ च्या वर येतो, रकाने सगळ्यांना तेवढेच. आणि लिहिणाऱ्याने ‘भिवा’ असेच लिहिले, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. घरी जे नाव होते तेच कागदावर आले. पुढे कुणीही ते ‘सुधारून’ भीमराव केले नाही.

जुन्या नोंदी शोधणारे नेमके इथेच चुकतात. आजोबांचे मोठेपणीचे नाव घेऊन येतात आणि रजिस्टरात असतो बाळ्या, धोंडू किंवा भिवा. आडनावाच्या जागी कधी गावाचे नाव असते, कधी काहीच नसते. म्हणून आधी वडिलांचे नाव आणि गाव धरावे, जन्मसालात प्राथमिकसाठी ५ ते ८ आणि इंग्रजी पहिलीसाठी ९ ते १२ मिळवून तेवढी वर्षे ओळीने पाहावीत. केवळ जूनची पाने चाळू नयेत. ही नोंदच नोव्हेंबरातली आहे. दाखल्याची दुसरी प्रत मागण्यापेक्षा प्रवेश-निर्गम उतारा मागावा, त्यात रजिस्टरातली ओळ जशीच्या तशी येते. जातीच्या पुराव्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद लागते, आणि कित्येक घरांत तसा कागद शाळेखेरीज कुठेच नसतो. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावची अशी दप्तरे पुन्हा उघडली गेली.

ती उघडण्याजोगी राहतात ती तुमच्यासारख्यांमुळे. जुन्या हिराकशीच्या शाईत आम्ल असते. दमट हवेत ते कागद खाते आणि अक्षराच्या रेषेवरच पान चिरते. अशा चिरेवर कुणी चिकटपट्टी लावली की काही वर्षांत ती पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो आणि काढताना अक्षर घेऊनच निघते. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, कारण तापवून बसवलेले प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. दुरुस्ती करायचीच तर पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, तीही जाणत्या हाताने. झेरॉक्सच्या काचेवर रजिस्टर दाबले की शिवण तुटते, म्हणून दोन्ही पुठ्ठ्यांना आधार देऊन, अर्धवट उघडून, बाजूच्या उजेडात फोटो काढावा.

आणि रुमाल! दप्तर कापडात बांधायची आपली जुनी पद्धत उत्तमच, पण नवे कोरे कापड तसेच गुंडाळले की त्यातल्या खळीला कसर लागते. कापड दोनदा धुऊन खळ पूर्ण काढावी, कडकडीत वाळवावे, मग बांधावे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, खालचा कप्पा रिकामा. पावसाळ्यात कपाट उघडायचे ते उघडीप पडेल त्या दिवशीच.

ही कामे कुठल्याही वार्षिक अहवालात येत नाहीत. सव्वाशे वर्षांत किती बदल्या, किती निवृत्त्या झाल्या असतील, आणि दर वेळी ‘जनरल रजिस्टर मिळाले’ म्हणून कुणीतरी चार्ज घेतला असेल. त्या प्रत्येकाचे मनापासून आभार. एकच विनंती: दर्शनाला येणाऱ्यांसाठी १९१४ चे पान फोटोतच दाखवावे, मूळ पान रुमालातच राहू द्यावे.

आपले नम्र,
जुन्या शालेय नोंदी वाचणारे आम्ही काही जण