होम सिग्नलला उभी गाडी

मधली आळी,
आषाढ वद्य दशमी

प्रिय लंब्या,

दोन वर्षं झाली. फोन मी आपटला होता, तेव्हा पत्रही मीच लिहायला हवं होतं. रोज वाटायचं, रोज राहायचं. गुडघा बरा आहे, आईचं बीपी गोळीवर ठीक आहे, पाऊस चांगला लागलाय. पुढचं सगळं वाच आणि मधेच फोन करू नकोस. हे मला फोनवर बोलता येणार नाही.

अकरा दिवसांपूर्वी काकू, तुझी आई, येऊन गेल्या. दादाने रिक्षाने आणून सोडलं, आईला भेटायला म्हणून. चहा झाला, लावणीच्या गप्पा झाल्या आणि आई बोलून गेली, "माळ्यावर जाऊन बघा तरी, यानं आपलं स्टेशन मांडलंय." या वयात काकू माझा हात धरून माळ्याचा जिना चढल्या. मधे एकदाच थांबल्या.

तू पाहिलंस तेव्हा नुसती फळी आणि रूळ होते. आता ते तसं नाही. फळी तेवढीच, आठ फूट बाय अडीच. १:८७ च्या मापाने खऱ्या जमिनीचे दोनशे बारा मीटर लांब आणि सहासष्ट मीटर रुंद. म्हणजे स्टेशनचं राजापूरकडचं टोक, विहीर, पाखाडी आणि सड्याची एक कड. दिवस २६ जानेवारी १९९८, कोकण रेल्वेचा मार्ग सलग झाला तो. त्यामुळे विजेचे खांब नाहीत, तारा नाहीत. ते काम पुरं व्हायला २०२२ उजाडलं. इंजिन डब्ल्यूडीएम-२, डिझेलचं. स्टेशनबाहेर एसटीडीची पिवळी पाटी. जानेवारी म्हणून खळ्यांत मांडव उभे, भाताच्या उडव्या रचलेल्या, सड्यावरचं गवत वाळून पिवळं, शाळेच्या काठीवर झेंडा. गवत काथ्याचं केलंय, रंगवून आणि कात्रीने बारीक कापून.

चिऱ्यांचं तुला सांगायलाच हवं, कारण खाणीवर आपण दोघांनी दिवस काढलेत. खरा चिरा चौदा इंच लांब, माझ्याकडे तो चार मिलिमीटरचा. प्लास्टरच्या पातळ पाटीवर सुईने रेघा ओढून एकेक पाडला आणि वर खाणीतलीच भुकटी, आईच्या जुन्या पातळातून गाळून. नवा चिरा तांबूस-केशरी असतो, चार पावसाळे खाल्ले की काळवंडतो. म्हणून स्टेशनची भिंत लालबुंद ठेवली आणि पाखाडीचा गडगा काळा. कलमं आंब्याच्याच मोहोराची आहेत! फळ न धरलेला मोहोर वाळून झाडाखाली पडतो, त्याच्या दांडीला जे बारीक फाटे असतात तसे तारेने जन्मात जमले नसते. त्यावर वखारीतला भुसा, पोस्टर कलरमध्ये बुडवून. रुळाखालची खडी खऱ्यातली पासष्ट मिलिमीटरची, माझी पाऊण मिलिमीटरची: क्रशरची कच चहाच्या गाळणीतून दोनदा गाळलेली. वरून पातळ केलेला फेविकॉल, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर तो खडीत मुरत नाही, वरच गोळा होऊन बसतो. या हवेत तो तीन दिवस वाळत नाही. फळीखाली साठचा बल्ब लावून ठेवतो.

रुळाच्या रुंदीबद्दल तू म्हणालास ते बरोबर होतं. साडेसोळा मिलिमीटर म्हणजे परदेशातला १४३५ मिलिमीटरचा गेज. आपला ब्रॉडगेज १६७६, साडेपाच फूट. त्याला माझ्याकडे १९.३ लागले असते. विकत मिळणारी चाकं साडेसोळाची असतात म्हणून मी तेच घेतले, आणि गाडी जराशी अंग चोरून उभी असल्यासारखी दिसते. हे त्या दिवशी फोनवर कबूल केलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. रो-रोचं मात्र मी सोडणार नाही. ट्रक लादलेली गाडी १९९९ सालची, माझ्या दिवसाला ती नव्हती. आणि करबुड्याचा बोगदा पुरा बांध म्हणालास, तो साडेसहा किलोमीटरचा माझ्या मापात पंचाहत्तर मीटर होतो. आमच्या माळ्यावरून निघेल तो थेट तात्यांच्या न्हाणीघरात. तात्यांना विचारून कळव.

तर काकू. चष्मा पुसला, फळीवर वाकल्या आणि दहा मिनिटं एक शब्द नाही. मी गाडी चालवून दाखवू का विचारलं. "नको, असू दे." मग विहिरीवर बोट ठेवलं. रेल्वेच्या कुंपणाबाहेर राहिली ती एवढीच गोष्ट तुमची. म्हणाल्या, "रहाट अलीकडे होता रे. आणि या दगडावर दोराचा घासा होता, खोल." त्यांचं बरोबर आहे, मी रहाट उलटा लावला होता. त्याच रात्री फिरवला.

मग त्यांचं बोट विहिरीवरून हळूहळू उताराला सरकलं, रुळांवर येऊन थांबलं. आणि अगदी साध्या आवाजात, मांडव कधी घालतोस असं विचारावं तसं विचारलं, "आमचं घर कधी बांधतोस?"

लंब्या, मी त्यांना तारीख सांगू शकलो नाही. फळीवरच्या दिवसाच्या सहा वर्षं आधीच तुमचं घर रेल्वेसाठी उतरवलं होतं काकू, १९९२ च्या शिमग्यानंतर, आप्पांनी एकेक कौल स्वतः खाली घेतलं होतं, हे मी त्यांना सांगायचं? मी म्हणालो, "नागपंचमीपर्यंत होईल." त्या म्हणाल्या, "मग नागपंचमीला येते." उतरताना जिन्यावर म्हणाल्या, "पायऱ्या चार कर. तिसरीचा कोपरा उडालेला." फणस पडून उडालेला, तो कोणी पाडला ते तुला माहीत आहे आणि मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आता जे कोणालाच ठाऊक नाही ते. तुमचं घर बांधून तयार आहे. पाच वर्षं झाली. फळी आणली त्याच्याही आधी मी ते केलं, दादाच्या लग्नातल्या फोटोवरून. पडवीच्या कठड्यापर्यंत चिऱ्याचे थर भिंग लावून मोजले. मंगलोरी कौलं कागदाच्या पट्ट्यांची, बोथट सुईने नळी दाबून, खालून वर ओळीने चिकटवलेली. पडवीत तुझे आप्पा आहेत, उभे राहिले तर १९ मिलिमीटरचे, पण पाट टाकून बसलेले, म्हणून त्याहून लहान दिसतात. सगळं कापसात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात. तुला कधी म्हणालो नाही, कारण तू विचारलं असतंस की का केलंस, आणि त्याचं उत्तर मला २६ जानेवारीपाशी न्यावं लागलं असतं.

त्या दिवशी मी स्टेशनावर गेलो, तू आला नाहीस. मी ओरडलो, नाचलो, धावत तुझ्याकडे आलो सांगायला. तू गोठ्यात होतास. तू विचारलंस, "माजघरावरून गेली की देवघरावरून?" आणि मी हसलो. मला खरंच वाटलं तू विनोद केलास. तू शिमग्यापर्यंत बोलला नाहीस, आणि मी तेव्हाही कारण दुसरंच धरून बसलो होतो. बेचाळीस हजारांवर लोकांच्या जमिनी गेल्या त्या मार्गात, हा आकडा मी गावभर कौतुकाने सांगत फिरायचो, केवढं मोठं काम म्हणून. त्यातलं एक खातं आप्पांचं आहे हे आकडा सांगताना डोक्यात येत नसे.

काकू गेल्या त्या रात्री डबा उघडला. विहिरीपासून खळ्यापर्यंत बावीस पावलं, आपण चिंचोक्यांच्या पैजेवर मोजलेली. फळीवर सतरा-अठरा सेंटिमीटर. घर ठेवलं. लंब्या, माजघर लूप लाइनवर, बाजूच्या रुळांवर येतं. देवघर मेन लाइनवर, दोन रुळांच्या बरोबर मधे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इतक्या वर्षांनी मिळालं: दोन्हींवरून.

घर उचलावंसं वाटेना. गाडी स्टेशनाबाहेरच्या होम सिग्नलला थांबवली. अकरा दिवस ती तिथेच उभी आहे. भाचा रोज विचारतो, मामा, सिग्नल का देत नाहीस? मी सांगतो, पावसाळी वेळापत्रक आहे.

रूळ उखडले तर स्टेशनच राहत नाही. घर काढलं तर नागपंचमीला काकूंना काय दाखवू? सड्यावरचं नवं घर दाखवावं म्हटलं, कौलं तीच आहेत, दारं तीच आहेत. पण ते अर्धा किलोमीटर लांब, म्हणजे फळीपासून पावणेसहा मीटर. शेजाऱ्यांच्या गोठ्यात येतं, म्हशीच्या गव्हाणीवर. म्हैस तयार होणार नाही.

शेवटी हे सुचलंय. फळीचा तेवढा सव्वा फुटाचा तुकडा करवतीने कापून वेगळा करायचा, आणि त्याच मापाचा दुसरा करायचा. एकावर रूळ, जसे आहेत तसे. दुसऱ्यावर रुळांच्या आधीची तुमची जमीन: घर, खळं, तुळस, परड्यातली पोफळ, न्हाणीचं पाणी जायचं तो आळवाचा वाफा. काकू येतील तेव्हा दुसरा बसवायचा. गाडी बाहेर उभी राहील. एका फळीवर दोन सालं होतील, आणि २६ जानेवारीचा माझा हट्ट मोडेल, त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की घर तुझं आहे. काकू हो म्हणाल्या म्हणून तू हो म्हणशील असं मी धरून चालत नाही. तुला ते रुळांवर ठेवलेलं, काढलेलं, परत ठेवलेलं बघवणार नसेल तर सरळ सांग. डबा मी कुरिअर न करता स्वतः बडोद्याला घेऊन येईन.

वहिनींच्या शाळेचं काय झालं? छोटीची बारावी आटोपली असेल, कुठे घातलीस? तिकडे पाऊस कसा? गणपतीचं तिकीट मिळालं का, की या वर्षीही वेटिंग?

करवत रविवारी लावायची म्हणतो. त्याआधी एक कळव. काकू चार पायऱ्या म्हणतात. मला तीनच आठवतात, आणि फोटोत बँडवाले बरोबर पायऱ्यांपुढे उभे आहेत. तू त्यावरून रोज उड्या मारायचास. तीन होत्या की चार?

तुझाच,
मधल्या आळीतला