मॉनिटर निर्लेखित करण्याआधी केबल आणि फाँट तपासा

महोदय,

परभणी, हिंगोली, बीड या भागातल्या अनेक शाळांत आणि आयटीआयमध्ये जुन्या संगणकांवर लिनक्स ही संगणकप्रणाली चालते. एरवी त्यांची तक्रार नसते. वीज अचानक गेली आणि डिस्कची तपासणी अडली, की मात्र काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे येऊन संगणक तिथेच थांबतो. हाच टेक्स्ट कन्सोल. दुरुस्ती इथूनच करायची असते आणि नेमका हाच पडदा धूसर, ताणलेला किंवा वाचवणार नाही इतका बारीक दिसतो. मग ‘मॉनिटर नादुरुस्त’ असा शेरा पडतो आणि चांगला मॉनिटर निर्लेखनाच्या, म्हणजे बाद करायच्या वस्तूंच्या, यादीत जातो. हे थांबवता येते, म्हणून हे पत्र.

मुळात दोन गोष्टींची गल्लत होते. पडद्यावर ठिपके किती हे रिझोल्यूशन ठरवते. एका अक्षराला त्यातले किती ठिपके मिळतात हे फाँट ठरवतो. एलसीडी मॉनिटरचे मूळ रिझोल्यूशन एकच असते. साडेअठरा इंची रुंद मॉनिटरचे साधारणपणे १३६६ बाय ७६८, १९ इंची चौकोनी मॉनिटरचे १२८० बाय १०२४. दुसरा आकडा दिला की मॉनिटर चित्र ताणून बसवतो आणि अक्षरांच्या उभ्या रेघा कुठे जाड, कुठे पुसट होतात. म्हणून अक्षरे मोठी दिसावीत यासाठी रिझोल्यूशन उतरवणे चूकच. रिझोल्यूशन मूळचेच ठेवावे, फाँट मोठा करावा.

तपासणीला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून कन्सोलवर यावे, लॉगिन करून ‘एसटीटीवाय साइझ’ ही आज्ञा द्यावी. (आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना रोमन लिपी वापरावी, ‘ग्रब_’ने सुरू होणारी नावे, ‘एलसी_ऑल=सी’ आणि पोर्टचे नाव मोठ्या अक्षरांत, बाकी सर्व लहान अक्षरांत लिहावे.) उत्तरात आधी ओळी, मग स्तंभ येतात. नेहमीच्या ८ बाय १६ फाँटवर ४८ आणि १७० आले, तर १३६६ बाय ७६८ नीट चालू आहे. २५ आणि ८० आले, तर जुना व्हीजीए टेक्स्ट मोड चालू आहे, म्हणजे कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ग्राफिक्स ड्रायव्हर, पडदा सांभाळणारा भाग, कामाला लागलेलाच नाही. बऱ्याचदा लिनक्स चढवताना पडदा काळा पडला म्हणून कोणीतरी हा ड्रायव्हर रोखणारा ‘नोमोडसेट’ हा शब्द घातलेला असतो आणि तो तसाच राहून जातो. ग्रब म्हणजे संगणक सुरू होताना लिनक्स चढवणारा प्रोग्राम; त्याच्या ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलीतून तो काढावा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवावे. रिझोल्यूशन ठरवायला तिथे ‘व्हीजीए=७९१’ लिहा, हा सल्ला अजून फिरतो, पण तो जुन्या पद्धतीचा आहे. २००९ मधल्या २.६.२९ आवृत्तीपासून कर्नल स्वतःच रिझोल्यूशन ठरवू लागला. त्याचा ड्रायव्हर ताबा घेतो तेव्हा ७९१ चा काही उपयोग उरत नाही.

तिसरी शक्यता सर्वांत फसवी: उत्तर ४८ आणि १२८ येते. म्हणजे १०२४ बाय ७६८. मॉनिटरची ओळख पटली नाही की कर्नल याच आकड्यावर येऊन थांबतो. ही ओळख, म्हणजे १२८ बाइटची ईडीआयडी माहिती, व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांमधून येते. केबलचे टोक हातात घेऊन रुंद बाजू वर धरावी आणि पिनांकडे पाहावे. खालच्या ओळीत डावीकडून दुसरी पिन १२ वी, उजव्या टोकाची १५ वी. यांतली एखादी वाकली, आत दबली किंवा मुळातच नसली, तर चित्र येते पण ओळख येत नाही. मधल्या ओळीतली ९ वी पिन नसणे हा मात्र दोष नव्हे. कित्येक चांगल्या केबलींत ती नसते. एका संगणकाला दोन मॉनिटर जोडणारे स्वस्त स्प्लिटरही ही माहिती कित्येकदा गाळतात.

खात्री करायला ‘/सिस/क्लास/डीआरएम’ या फोल्डरमध्ये पाहावे. तिथे ‘कार्ड०-व्हीजीए-१’ अशा नावाचे फोल्डर असते. त्यातल्या ‘ईडीआयडी’ फाइलीवर ‘डब्ल्यूसी -सी’ (बाइट मोजणारी आज्ञा) चालवून शून्य आले, तर आधी केबल बदलावी. सेटिंगशी झटापट नंतर.

केबल बदलणे शक्य नसेल तर रिझोल्यूशन हाताने द्यावे, पण थेट फाइलीत नको. ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘व्हिडिओ=व्हीजीए-१:१३६६x७६८’ लिहावे आणि कंट्रोल-एक्स दाबावे. हा बदल एका वेळेपुरता असतो. पडदा काळा पडला तर संगणक पुन्हा सुरू केला की झाले. जमले, तरच ते वरच्या ग्रब फाइलीतल्या ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’च्या अवतरणचिन्हांत घालावे आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ पुन्हा चालवावे. पोर्टचे नाव फोल्डरमध्ये दिसते तसेच हवे. पोर्ट डीव्हीआय असताना व्हीजीए लिहिले, तर काहीच घडत नाही आणि चूक कुठे झाली तेही कळत नाही. चित्र बाजूला सरकले तर मॉनिटरवरचे ऑटो बटण दाबावे. त्याच फाइलीतले ‘ग्रब_जीएफएक्समोड’ बदलून अनेकजण थांबतात. त्याने ग्रबचा मेनू स्वच्छ दिसतो, पण पुढे ड्रायव्हर आला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता फाँट. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ‘सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर कन्सोल-सेटअप’ चालवून टर्मिनस हा फाँट निवडावा. १३६६ बाय ७६८ वर १२ बाय २४ आकार घेतला तर ११३ स्तंभ आणि ३२ ओळी मिळतात. अक्षरे सहज वाचता येतात. फुल एचडीवर (१९२० बाय १०८०) १६ बाय ३२ घ्यावा. स्तंभ ८० च्या खाली मात्र जाऊ देऊ नयेत, मेनू विस्कटतात.

मराठी भाषा निवडलेल्या संगणकांवर आणखी एक अडचण येते. या कन्सोलला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षरचिन्हे ठेवता येतात आणि जोडाक्षरे, मात्रा जुळवण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे मराठी संदेशांच्या जागी चौकोन उमटतात. फाँट कितीही बदलला तरी हे सुधारत नाही. तिथे ‘एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी’ द्यावे, संदेश इंग्रजीत येतात आणि काम पुढे सरकते. तसेच उबुंटूचा रिकव्हरी मोड ‘नोमोडसेट’ जाणूनबुजून लावतो. तिथला पडदा ओबडधोबड दिसला तर तो बिघाड समजू नये.

जिल्हा परिषदांचे शिक्षण विभाग आणि आयटीआयचे प्राचार्य यांना विनंती आहे. प्रत्येक मॉनिटरच्या पाठीमागे मूळ रिझोल्यूशन आणि पोर्टचे नाव चिकटवून ठेवायला सांगावे. देखभालीचा करार करताना टेक्स्ट कन्सोल वाचता येतो का, ही तपासणी त्यात घालावी. आणि निर्लेखनाचा प्रस्ताव आला, की तो मॉनिटर दुसऱ्या केबलने दुसऱ्या संगणकाला जोडून मूळ रिझोल्यूशनवर पाहिल्याची नोंद मागावी. ती नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा.

आपला,
शाळांतील संगणकांची देखभाल करणारा एक वाचक,
परभणी