शेअर्ड फोल्डरमधली फाइल म्हणजे सर्व्हर नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कारभार कॉम्प्युटरवर आणल्याच्या बातम्या येतात तेव्हा त्यात किती मशीन घेतली, किती जणांना ट्रेनिंग दिलं हे असतं, पण लोकांची माहिती नक्की कशात साठवलीय हे कधीच नसतं. मी बरीच वर्षं छोट्या-मध्यम ऑफिसांसाठी डेटाबेसचं काम करतोय, आणि काउंटरवर उभं राहून "सिस्टीम डाउन आहे, उद्या या" असं ज्यांना ऐकावं लागतं त्यांना त्यामागचं एक कारण तरी कळावं म्हणून हे पत्र लिहितोय.

सुरुवात बहुतेक ठिकाणी सारखीच असते. ऑफिसातला एखादा हुशार माणूस ॲक्सेसमध्ये (हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम, सगळी माहिती एकाच फाइलमध्ये ठेवणारा) दोन-चार टेबलं बनवतो, त्यावर फॉर्म आणि रिपोर्ट लावतो, आणि आठवड्याभरात जे काम रजिस्टरवर व्हायचं ते स्क्रीनवर व्हायला लागतं. ॲक्सेस १९९२ साली आलं तेव्हापासून हेच त्याचं बळ आहे आणि मी त्याला वाईट म्हणणार नाही, एकट्याने किंवा दोघा-तिघांनी वापरायला ते आजही उत्तम आहे. गडबड पुढे होते. ती फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये जाते, मग पाच जण वापरतात, मग पंधरा, मग कुणीतरी म्हणतं यालाच वेबसाइट जोडूया, आणि एका माणसाच्या सोयीसाठी बनवलेली गोष्ट सगळ्या कामाचा पाया होऊन बसते. असा निर्णय कुणी बसून घेतलेला नसतो, तो आपोआप होत जातो.

खऱ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये फाइलला हात लावणारा प्रोग्राम एकच असतो, बाकीचे सगळे त्याच्याकडे मागणी करतात आणि फक्त उत्तर घेऊन जातात. फाइलवाल्या डेटाबेसमध्ये मधे कुणीच नसतं. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवरचं इंजिन, म्हणजे फाइल वाचणारा-लिहिणारा प्रोग्राम, नेटवर्कवरून थेट त्या फाइलमध्ये शिरतं, ४ केबीची पानं, म्हणजे फाइलचे छोटे तुकडे, उचलतं, बदलतं, परत ठेवतं, आणि कोण कुठे काम करतोय याची नोंद शेजारच्या एका छोट्या लॉक फाइलमध्ये असते. म्हणजे वही एक आणि लिहिणारे पंधरा, आणि सगळ्यांनी शिस्तीत लिहिलं तरच वही नीट राहणार. पंधरातल्या एकाचा लॅपटॉप वायफायच्या बाहेर गेला की अर्धवट लिहिलेलं पान तसंच राहतं. (इथे एक गैरसमज दूर करतो, प्रत्येक क्वेरीला, म्हणजे माहिती शोधण्याच्या मागणीला, अख्खं टेबल नेटवर्कवरून येतं असं सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही, इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारखी यादी, असेल तर इंडेक्सची पानं आणि लागतील तेवढीच रेकॉर्डची पानं येतात. पण इंडेक्स नसलेल्या कॉलमवर शोध घेतला तर मात्र खरंच सगळं ओढून आणलं जातं, आणि तेव्हा बाकीचे चौदा जण स्क्रीनकडे बघत बसतात.)

मी स्वतः हे भोगलंय. एका ऑफिसात असाच एक फाइल-डेटाबेस माझ्याकडे सांभाळायला होता. दुपारी एकाचं कनेक्शन सेव्ह करताना तुटलं आणि त्यानंतर फाइल कुणाकडेच उघडेना. रिपेअर केली तर उघडली, पण एका टेबलातली काही रेकॉर्ड गायब होती आणि काहींच्या जागी नुसती चिन्हं दिसत होती. बॅकअप होता, रोज संध्याकाळी फाइल कॉपी व्हायची, पण त्या वेळी दोघं-तिघं अजून कामच करत असायचे, त्यामुळे उघड्या फाइलची कॉपी झालेली आणि तीही अर्धवटच. शेवटी चार दिवसांपूर्वीची कॉपी धड निघाली. चार दिवसांच्या एंट्र्या कागदावरून परत टाइप केल्या, आणि ज्यांचे कागद सापडले नाहीत त्या लोकांना फोन करून पुन्हा बोलवावं लागलं, ते मला आजही आठवतं. चूक त्यांची काहीच नव्हती. बॅकअप कधीही रिस्टोअर करून बघितला नव्हता ही चूक सरळ माझी होती. पण सर्व्हर असता तर ट्रान्झॅक्शन लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंदवही, असता आणि तो नीट जपला असता तर बिघाडाच्या मिनिटाभर आधीपर्यंतचं सगळं परत आणता आलं असतं. ॲक्सेसच्या फाइलमध्ये असा लॉगच नसतो, कॉपी केली त्यानंतरचं गेलं ते गेलं.

मर्यादेचे आकडेही माहीत असावेत. ॲक्सेसची एक फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही, कागदोपत्री एका वेळी २५५ जण चालतात पण नेहमी लिहिणारे वीस-पंचवीस झाले की माझा जीव वरखाली व्हायला लागतो. २ जीबी खूप वाटतात, पण कुणी टेबलातच फोटो आणि स्कॅन ठेवायला लागलं की ते भराभर संपतात, शिवाय रेकॉर्ड डिलीट करून फाइल लहान होत नाही, त्यासाठी कॉम्पॅक्ट (रिकामी जागा काढून फाइल आवळणं) करावं लागतं आणि त्याच्या आधी सगळ्यांना बाहेर काढावं लागतं. आणि जागा संपल्यावर "जागा संपली" असा स्पष्ट निरोप येतोच असं नाही, "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" असं काहीतरी येतं आणि माणूस दिवसभर भलतीकडेच शोधत राहतो.

मला सगळ्यात जास्त काळजी मात्र वेगळ्याच गोष्टीची वाटते. ही फाइल वापरायची तर प्रत्येकाला त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी द्यावीच लागते, नाहीतर लॉक फाइल बनत नाही. म्हणजे ज्याला एक फॉर्म भरायचाय तो अख्खी फाइल, सगळ्यांचे पत्ते, फोन, रकमा, पेनड्राइव्हवर कॉपी करून नेऊ शकतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पासवर्ड लावता येतो, पण तो सगळ्यांना एकच. या माणसाने एवढंच बघावं आणि त्याने एवढंच बदलावं असं पूर्वी जुन्या फॉरमॅटमध्ये थोडंफार करता यायचं, २००७ च्या नव्या फॉरमॅटपासून तेही गेलं. आणि वेबसाइट जोडणाऱ्यांनी एक वाचावं, सर्व्हरवरच्या, एकाच वेळी अनेकांना सांभाळणाऱ्या प्रोग्रामसाठी हे इंजिन नाही असं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय.

हल्ली तरुण डेव्हलपर म्हणतात की मग एसक्यूलाइट घ्या, म्हणजे ॲपच्या आतच चालणारा छोटा डेटाबेस. एसक्यूलाइट मला मनापासून आवडतं, २००० सालापासून आहे, आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे, आणि एकाच मशीनवरच्या एका ॲपसाठी, अगदी बऱ्याच वेबसाइटसाठीसुद्धा, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण तेही फाइलच आहे. एका वेळी लिहिणारा एकच, दुसऱ्याने थांबायचं, आणि थांबायची वेळ सेट केली नसेल तर तो थांबतही नाही, लगेच "डेटाबेस इज लॉक्ड" येतं. २०१० मध्ये आलेल्या वॉल मोडमुळे (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहायची पद्धत) वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना अडवत नाहीत, पण तो मोड नेटवर्क ड्राइव्हवर चालत नाही. फॉरेन की, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जुळते का हे, तपासणं आपणहून चालू करावं लागतं आणि साधा आकड्याचा कॉलम मजकूरही मुकाट्याने घेतो, २०२१ पासून असं चालू न देणारी स्ट्रिक्ट टेबलं आली आहेत ती वापरावीत. बनवणारे स्वतःच सांगतात की आमची स्पर्धा सर्व्हर-डेटाबेसशी नाही, साध्या फाइल उघडण्याशी आहे. त्यांनी सांगितलेलं ऐकलं तर निम्मी दुखणी होणारच नाहीत.

साधनाची मर्यादा माहीत नसली की काय होतं हे इंग्लंडमध्ये २०२० साली दिसलं. कोरोनाचे रिपोर्ट एकत्र करताना जुन्या एक्सेल फॉरमॅटची ६५,५३६ ओळींची हद्द लागली आणि १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजलेच गेले नाहीत, त्यांच्या संपर्कातल्या लोकांना उशिरा कळलं.

उपाय फार महागही नाही. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर हे दोन्ही खरे डेटाबेस सर्व्हर, त्यातलं पोस्टग्रेस फुकट आहे, एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती फुकट आहे. टेबलं तिकडे हलवायची, ॲक्सेसचे फॉर्म तसेच ठेवून ओडीबीसीने (प्रोग्राम आणि डेटाबेस जोडायची ठरलेली पद्धत) जोडायचे, लोकांना स्क्रीन बदललेली कळतही नाही. फक्त हलवलं की आपोआप फास्ट होईल हे डोक्यातून काढा, अख्खं टेबल उघडणारे फॉर्म बदलावे लागतात. आणि हलवताना जुनी घाण वर येते ती वेगळीच, २०१९ च्या जागी कुणीतरी ०२१९ टाइप केलेलं असतं, ॲक्सेसने ते वर्ष निमूट घेतलेलं असतं आणि एसक्यूएल सर्व्हरची जुनी तारीख पद्धत १७५३ च्या आधीचं काही घेत नाही म्हणून तिथे सगळं अडतं. यात दिवस जातात, ते धरूनच वेळ मागावा, आणि मागणाऱ्याला साहेबांनी तो द्यावा.

ज्यांच्या हाताखाली अशी फाइल चालू आहे त्यांनी निदान या आठवड्यात तिची साइज बघावी, ती कोण-कोण कॉपी करू शकतं हे विचारावं, आणि कालचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून त्यातली शेवटची एंट्री कधीची आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.

आपला,
एक वाचक