रिकामी गाडी म्हणजे काम नव्हे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ॲपवर गाडी चालवणारे केंद्राच्या कायद्यात आले, याचं कौतुक झालं आणि ते मलाही आहे. पण अपघातानंतरचे कागद ज्या घरात बायका हाताळतात, तिथे प्रश्न दोनच असतात. चालक कामावर केव्हा धरायचा? आणि हाड जुळेपर्यंत घर कशावर चालवायचं?

माझे यजमान पुण्यात कॅब चालवतात. गाडी आमचीच, हप्ते चालू आहेत. मागच्या पावसाळ्यात पहाटे लोहगाव विमानतळावर भाडं सोडून ते रिकामे परत येत होते. विश्रांतवाडीच्या अलीकडे राँग साइडने आलेल्या टेम्पोने ठोकलं. उजवं मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली. कंपनीच्या अपघात विम्याकडे अर्ज केला, तर उत्तर आलं की त्या वेळी राईड चालू नव्हती. पॅसेंजर उतरला तिथे विमाही उतरला! ॲप मात्र चालूच होतं. लांबचं पिकअप नाकारलं की लगेच त्याची नोंद घेणाऱ्या या ॲपला अपघाताच्या वेळी हा माणूस कामावर होता एवढं कळू नये?

माझे धाकटे दीर भोसरी एमआयडीसीत आहेत. त्यांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे. मशीनवर जखम झाली तर सुट्टीच्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. कामावर येता-जाता रस्त्यात अपघात झाला आणि त्याचा कामाशी संबंध दिसला, तर तोही कामावरचाच धरण्याची तरतूद २०१० पासून आहे. म्हणजे दीर स्कूटरवरून घरी येताना पडले तर ते कामावरचे, आणि ज्याचं पोटच रस्त्यावर आहे तो रिकामी गाडी आणताना ठोकला गेला तर जणू फिरायला निघाला होता!

"बाकीचे विमे आहेत की," असं लोक म्हणतात. आहेत. बँक वर्षाला २० रुपये कापते तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. मृत्यूला २ लाख, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर १ लाख. गाडीच्या पॉलिसीसोबतचा १५ लाखांचा मालक-चालक विमाही मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठीच. थोडक्यात, हात गेला तर पैसे, मोडला तर काही नाही. शेठच्या गाडीवर बसणाऱ्या पोरांना तर हे १५ लाखही नाहीत, कारण गाडी त्यांच्या नावावर नसते. केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत कंपन्यांनी चालकाचा किमान ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा काढावा असं आहे. चांगलं आहे. पण एकातून हॉस्पिटलचं बिल भागतं आणि दुसरा माणूस गेल्यावर मिळतो. मधल्या दोन-अडीच महिन्यांचं काय? प्लॅस्टर असताना स्टिअरिंग धरता येत नाही, बँक हप्ता सोडत नाही. आम्ही पोराच्या क्लासची फी थांबवली आणि माझी एक बांगडी सोनाराकडे ठेवली. टेम्पोवाल्यावरचा दावा न्यायाधिकरणात आहे, तो निघेल तेव्हा निघेल.

नव्या संहितेत कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम चालकांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे, चालकांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. त्या पैशातून आधी जखमी चालकाला दर आठवड्याला काहीतरी हातात पडावं, त्याच्या मागच्या कमाईच्या हिशेबाने. कमाईचा आकडा शोधायला तलाठ्याकडे जावं लागणार नाही, तो कंपनीच्याच सर्व्हरवर आहे. आणि ड्युटी म्हणजे ॲप चालू केल्यापासून बंद करून घरी पोहोचेपर्यंत, असं राज्याने नियमात स्पष्ट लिहावं.

आपल्या वार्ताहरांनी एक करावं. गेल्या वर्षी चालकांचे किती अपघाती दावे आले आणि 'राईड चालू नव्हती' म्हणून त्यांतले किती परत पाठवले, हे प्रत्येक कंपनीला विचारून छापावं. आम्ही विचारलं तर चॅटवर 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे' एवढंच येतं.

आपली,
एका कॅबचालकाची पत्नी, दिघी, पुणे