लंडी कोतलच्या फोनवर ‘हो’ म्हणणाऱ्या उस्मानसाहेबांस

उस्मानसाहेब,

स.न.वि.वि.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुमच्या हातात पडलं तरी तुम्हाला वाचता येणार नाही. उर्दू मला येत नाही आणि इंग्रजीत लिहिलं असतं तर ते सरकारी खलित्यासारखं वाटलं असतं. शिवाय ज्या माणसासाठी तुमचे आभार मानायचेत तो पारुळकर आडनावाचा. तेव्हा मराठीच बरी.

ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर, आमच्या हवाई दलातले वैमानिक आणि एकेकाळी पाकिस्तानात तुमच्या ताब्यातले युद्धकैदी, १० ऑगस्ट २०२५ ला गेले. मी वाचलेल्या बातमीत १९७१ चं युद्ध होतं, रावळपिंडीची कोठडी होती, भिंतीला पाडलेलं भगदाड होतं. फोन नव्हता. आणि मला तर या सगळ्यात तो फोनच दिसतो. त्याला कारण आमचे बाबा. ते टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल हातानं जोडून द्यायच्या कामावर होते. हेडफोन लावून रात्र रात्र बसायचे. एका भोकातली वायर काढून दुसऱ्यात खोचायची, पलीकडच्या एक्स्चेंजला हाका मारायच्या. साधा कॉल, अर्जंट कॉल, लाइटनिंग कॉल. बाबा म्हणायचे, लाइन जोडून देणं आपल्या हातात. पलीकडचा ओळख देईल की नाही, ते आपल्या हातात नाही.

१३ ऑगस्ट १९७२ ची सकाळ. खैबर खिंडीतलं लंडी कोतल. अफगाणिस्तानची हद्द जेमतेम पाच मैलांवर. तहसीलदारापुढे तिघे उभे, रात्रभराच्या प्रवासानं मळलेले. सांगतायत की आम्ही तुमच्याच हवाई दलातले, लाहोरला असतो, रजेवर फिरायला आलोय. नावं काय, तर फिलिप पीटर, अली अमीर आणि हॅरॉल्ड जेकब. खरे कोण ते तुम्हाला मी काय सांगणार? पारुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिन्हजी, आदल्या रात्री रावळपिंडीच्या कोठडीतून निसटलेले आमचे तीन वैमानिक.

त्यांचं काय चुकलं हे वाचलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्याकडे नकाशा होता तो शाळेतल्या ऑक्सफर्ड अ‍ॅटलासचा. त्यात रेल्वेचं शेवटचं ठिकाण लंडी खाना. म्हणून त्यांनी लंडी खान्याची वाट विचारली. ती रेल्वे १९३२ सालीच बंद झालेली! चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाची वाट विचारणारा माणूस परगावचा, हे तहसील कचेरीतल्या कारकुनाला सुद्धा कळतं. त्यात त्या दिवसांत बांगलादेश झाल्यामुळे तुमच्याकडे अडकलेले बंगाली त्याच वाटेनं काबूलकडे पळत होते. हेही त्यातलेच, असा त्याला संशय आला.

तहसीलदार काही केल्या ऐकेना, तुरुंगात टाकायला निघाला. अशा सरहद्दीच्या मुलखात, खोटी नावं घेतलेले तीन बेवारशी लोक कोठडीत गेले तर त्यांचं पुढे काय झालं हे विचारायला कोण येणार होतं? पारुळकरांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी एक फोन करू द्या म्हणून हट्ट धरला. कुणाला, तर पाकिस्तानच्या हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला, म्हणजे त्यांच्या दिमतीच्या अधिकाऱ्याला. तो अधिकारी म्हणजे तुम्ही.

आता पाहा, सहा-आठ महिन्यांपूर्वी तुम्ही त्यांचे जेलर. १० डिसेंबर १९७१ ला जफरवालजवळ त्यांचं सुखोई-७ पडलं आणि ते तुमच्या रावळपिंडीच्या कॅम्पात आले. युद्ध संपून आठवडा-दीड आठवडा झालेला, आणि पंचवीस डिसेंबरला तुम्ही या लोकांसाठी केक आणवलात. वेगवेगळ्या कोठड्यांतले आमचे वैमानिक एकत्र आले, सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून विंग कमांडर कोएल्हो यांनी तो कापला. माझ्या मते त्या फोनचा नंबर पारुळकरांना तिथेच मिळाला. अंक नव्हे, माणूस. कुणाला फोन लावला तर तो निदान ऐकून घेईल, हा हिशेब त्यांनी केकवरून केला असणार.

पळून जायचं तर त्यांनी युद्धाआधीच म्हणून ठेवलं होतं, पकडलो गेलो तर आत राहणार नाही. तसा माणूस हट्टीच. १९६५ च्या लढाईत विमानाला गोळी लागली, उजवा खांदा जखमी झाला, वरून सांगत होते की उडी मार. यांनी विमान तळावर परत आणलं. त्याबद्दल वायुसेना पदक मिळालं. रावळपिंडीत एवढा मोठा स्क्रूड्रायव्हर, कात्र्या, जे हाती लागेल त्यानं विटांच्या फटी महिनोन् महिने खरवडल्या. वैमानिकाच्या जी-सूट नावाच्या पोशाखातल्या रबरी पिशवीची पाण्याची पखाल केली. १२ ऑगस्टच्या रात्री वादळ आलं आणि त्यातच तिघे बाहेर पडले. रस्त्यावर सिनेमाचा शेवटचा शो सुटला होता, त्या गर्दीत मिसळले. सिन्हजींच्या तोंडून ‘आझादी!’ निघून गेलं. ग्रेवाल म्हणाले, अजून नाही.

आणि मग सकाळी हा फोन. रावळपिंडीत तोवर कुणाला पत्ताच नव्हता की कैदी गेलेत. म्हणजे पळालेल्यांनीच आपण पळाल्याची वर्दी दिली. केवढी हिंमत लागली असेल! पाच मैल उरलेले असताना स्वतःच्या हातानं सगळं मिटवायचं.

पण मला तुमच्या बाजूचं रिसीव्हर दिसतं. कचेरीत बसलाय, फोन येतो, पलीकडून ओळखीचा आवाज. कॅम्प आता तुमच्याकडे नाही. त्यांच्या पळून जाण्याचा ठपका आपल्याच हवाई दलावर येणार. ‘मी यांना ओळखत नाही’ एवढं म्हणून फोन ठेवला असता तर कुणाला कळलंही नसतं. तुम्ही तहसीलदाराला फोनवर घेतलंत आणि सांगितलंत, ही आमची माणसं आहेत, कोंडून ठेवा, पण मारू नका. ‘आमची’ या शब्दाचा त्यानं काय अर्थ लावला देव जाणे.

जिनिव्हा करारात लिहिलंय की पळताना सापडलेल्या युद्धकैद्याला तीस दिवसांवर शिक्षा करता येत नाही. चांगलंच आहे. पण करार लागू व्हायला आधी कुणीतरी म्हणावं लागतं की हा युद्धकैदी आहे. ते तुम्ही म्हणालात. मग त्या तिघांना एकांतवास झाला, सगळ्यांची लायलपूरला रवानगी झाली, आणि १ डिसेंबर १९७२ ला ते वाघा ओलांडून घरी आले.

हे एवढं का उगाळतेय, सांगते. आमच्याकडे आणखी एक मराठी वैमानिक होते, फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे. तेही सुखोई-७ वरच. पारुळकरांच्या पाच दिवस आधी, ५ डिसेंबरला, शोरकोटकडे पडले. ते परत आले नाहीत. १९७१ पासून बेपत्ता असलेल्या आमच्या ५४ जणांच्या यादीत त्यांचं नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्या अर्धशतकाहून जास्त काळ विचारत राहिल्या. तुमच्या सरकारनं प्रत्येक वेळी सांगितलं, असं कुणी आमच्याकडे नाही. खरं काय त्यात मी शिरत नाही, आणि त्यासाठी तुम्हाला जबाबदारही धरत नाही. पण तुमच्या ‘हो’ची किंमत मला त्या ‘नाही’पुढे ठेवल्यावर कळली.

पारुळकर पुढे खडकवासल्याला एनडीएत बटालियन कमांडर झाले. त्यांच्या हाताखालून किती पोरं गेली असतील! पळण्याच्या त्या पराक्रमासाठी त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. तुम्हाला काही मिळालं नसणार, उलट वरिष्ठांपुढे उत्तरं देता देता नाकी नऊ आले असतील.

बाबांच्या बोर्डावर कॉल संपला की ऑपरेटर चिठ्ठीवर मिनिटं लिहायचा, त्यावरून बिल व्हायचं. लंडी कोतलच्या त्या कॉलची चिठ्ठी कुणीतरी लिहिलीच असेल. तीन मिनिटांच्या वर नसावी.

एकच विचारायचं राहिलं. युद्ध संपून आठ-दहा दिवस झालेले, शहर हरलेलं, माणसं चिडलेली. अशा वेळी रावळपिंडीत हिंदुस्थानी कैद्यांसाठी केक कुठून पैदा केलात, आणि बेकरीवाल्याला कुणासाठी म्हणून सांगितलंत?

कळावे, लोभ असावा.

आपली,
ट्रंक बोर्डावरच्या माणसाची मुलगी
पुणे