आधी रुमालांची यादी, मग स्कॅनर

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात जुन्या दफ्तरांच्या डिजिटायझेशनची बातमी पहिल्या पानावर वाचली. किती लाख पाने झाली, यंत्र किती झपाट्याने चालते, उद्घाटनाला कोण आले होते, सगळे आले. कागद कोणत्या क्रमाने स्कॅन केले, त्याचा मात्र कुठे उल्लेखही नाही. खरा प्रश्न तोच आहे.

आमच्या घराण्याचे मोडी कागद वडिलांनी एका नावाजलेल्या संस्थेच्या स्वाधीन केले. माळ्यावर वाळवीने खाण्यापेक्षा जाणत्यांच्या हाती गेलेले बरे, असा त्यांचा विचार होता आणि तो रास्तच होता. कागद खारव्याच्या रुमालांत बांधलेले होते. एका रुमालात एका गावच्या वतनाचे, दुसऱ्यात देवस्थानच्या जमाखर्चाचे, तिसऱ्यात नुसता घरचा पत्रव्यवहार. संस्थेने पोहोच दिली ती 'जुने कागद, पाच रुमाल' एवढीच. आत काय आहे याची यादी तेव्हाच व्हायला हवी होती.

पुढे स्कॅन पाहायला गेलो तर सगळे रुमाल सोडून कागद आकाराप्रमाणे लावलेले. कागदांचे लांब बंद (पट्ट्या) एकीकडे, चिठ्ठ्याचपाट्या दुसरीकडे. कंत्राटदाराच्या यंत्राला तेच सोयीचे पडते म्हणे. फाइलींना नुसते आकडे. कोणता कागद कोणत्या रुमालातला, असे विचारले तर काउंटरवरचा मुलगा अगदी अदबीने म्हणाला, "सर, आता सगळं सर्च करता येतं." सर्च करायचे तरी काय? यादीत प्रत्येक नोंदीपुढे 'मोडी पत्र' एवढेच लिहिले आहे.

यात काय गेले, हे मोडी वाचणाऱ्याला सांगावे लागणार नाही. पेशवाईतल्या कितीतरी पत्रांच्या शेवटी 'छ ७ जमादिलाखर' एवढाच चंद्र, म्हणजे मुसलमानी महिना व त्याची तारीख असते, साल नसते. ते लावायचे मजकुरावरून, अक्षरावरून आणि शेजारच्या कागदांवरून. आमच्याकडे एक पत्र होते, बैलांसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज मागणारे. त्यावरही फक्त चंद्र. पण त्याच रुमालात सारा तहकूब केल्याचे सनवार कागद होते आणि त्यांच्या आधाराने वडिलांनी त्याचे साल लावले होते. तो रुमालच आता राहिला नाही. पत्राचे छायाचित्र लखलखीत आहे, शाईचा कण न् कण दिसतो, आणि साल कोणाला सांगता येणार नाही.

रियासतकार सरदेसायांनी १९३० पासून पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. ती हजारो रुमालांतली निवड होती. त्यांनी जे निवडले नाही तेही पुढच्या अभ्यासकांना पुण्याच्या पुराभिलेखागारात पाहता येते, कारण रुमाल शाबूत राहिले. स्कॅनिंगला माझा विरोध मुळीच नाही. मोडी कागद वारंवार हाताळले की घडीवर फाटतात, त्यामुळे प्रती व्हायलाच हव्यात. पण रुमाल सोडण्याआधी त्याला क्रमांक द्या, कागद होते त्याच क्रमाने घ्या आणि तो क्रमांक प्रत्येक चित्रावर टाका. याला वेगळा निधी लागत नाही. मोडी जाणणारा एक माणूस कंत्राटदाराशेजारी बसवावा लागतो.

आणखी एक. आमच्याच कागदांच्या प्रती आम्हाला पैसे भरून घ्याव्या लागल्या, त्याही मजकुरावर आडवा शिक्का उमटवलेल्या. देणगी घेताना याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. संस्थांनी देणगीदाराशी रीतसर लेखी करार करावा.

जाता जाता आपल्या दैनिकाबद्दलही लिहिणे भाग आहे. संकेतस्थळ नवे केल्यापासून आपले जुने लेख उघडत नाहीत. आमच्या ग्रंथालयाने तर 'आता सगळे ऑनलाइन आहे' म्हणून अंकांचे गठ्ठे रद्दीत काढले. त्या तगाईच्या पत्राचे साल कसे लावले, हे वडिलांनी याच सदरात सविस्तर लिहिले होते. घरातले कात्रण कागदांबरोबर संस्थेत गेले आणि तिथे ते सापडत नाही. आपल्या कचेरीत जुन्या अंकांच्या बांधीव फायली असतील, तर ते पत्र शोधून त्याची प्रत कृपया पाठवावी. येणारा खर्च मी देईन.

आपला,
एक मोडी वाचक, सातारा