निळं पाणी रिकामं का?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दिवसभर बोटीवर बसून नितळ निळं पाणी पाहिलंस आणि एक मासा दिसला नाही म्हणून हिरमुसलास. अरे, पाणी एवढं निळं होतं म्हणूनच रिकामं होतं! भर समुद्रातली ती निळाई म्हणजे वाळवंटच. जिथे खायला मुबलक, तिथलं पाणी हिरवट, गढूळ, फोटोत न शोभणारं.

तो हिरवेपणा वनस्पती-प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा. पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण हे डोळ्यांना न दिसणारे जीव करतात, पण सगळ्या वनस्पतींच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम एक टक्का. साठायला वेळच मिळत नाही. आज वाढले की चार दिवसांत कुणाच्या तरी पोटात.

मी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली कोपेपॉड पाहिला होता, म्हणजे हे प्लवक खाणारा, कोळंबीचा इवलासा भाऊबंद. तांदळाच्या दाण्याहून लहान, काचेसारखा आरपार. एकच लाल डोळा आणि अंगात तेलाचा चकाकता थेंब. प्लवकांनी पकडलेलं ऊन त्या थेंबात उतरलेलं! पण पुढे गळतीच फार. हजार किलो प्लवकांवर शंभर किलो कोपेपॉड, त्यांच्यावर दहा किलो लहान मासे, त्यांच्यावर एक किलो मोठा मासा. दहा टक्क्यांचा हा हिशोब ढोबळ आहे, पण मोठे मासे विरळ का, ते कळायला पुरे. बाकीची ऊर्जा पोहण्यात, श्वासात, नुसतं जगण्यात खर्च होते आणि ती काही परत येत नाही.

नायट्रोजन, फॉस्फरस, लोह मात्र पुन्हा पुन्हा वापरता येतात. अडचण एवढीच की ते बुडतात. मेलेले जीव, विष्ठा, चिकट बुळबुळीत तुकडे यांची अंधारात अखंड भुरभुर चालू असते. तिला सागरी हिम म्हणतात. तळ गाठायला तिला आठवडे लागतात, आणि बरीचशी वाटेतच जिवाणू फस्त करतात. म्हणजे वर ऊन आहे तर खत नाही, खाली खत आहे तर ऊन नाही. सगळी गोची इथे आहे.

पेरूच्या किनाऱ्यावर ती वारा सोडवतो. वरचं पाणी तो समुद्राकडे लोटतो, खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं आणि अँकोव्ही या लहान माशांचे थवेच्या थवे पोसतं. 1972 च्या एल निन्योत, म्हणजे तिथलं वरचं पाणी अधूनमधून तापतं तेव्हा, हा पुरवठा आटला. आधीच बेसुमार मासेमारी झालेली, त्यात अँकोव्ही कोसळली.

आणि माझा लाडका हमाल म्हणजे स्पर्म व्हेल. खोल अंधारात स्क्विड (माकुळ) खातो आणि श्वासाला वर आला की तिथेच हगतो. हसू नकोस! दक्षिण महासागरात नायट्रोजनला तोटा नाही, लोहाला आहे, आणि ते त्या घाणीत असतं.

तेव्हा पुढच्या खेपेला व्हेल दिसलाच, तर शेपटीचा फोटो इतरांना काढू दे. तू मागे पसरलेला तो तपकिरी ढग बघ आणि मला लिहून कळव.

तुझाच,
मित्र